मूळ गाडी म्हणजे नक्की काय? एका गंजलेल्या हेरल्डच्या निमित्ताने

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती केली आणि 'विंटेज वाहन' म्हणजे काय हे पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत ठरलं. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी म्हणजे विंटेज. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदवली तर नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची. रोजच्या कामाला किंवा धंद्याला नाही.

नियम चांगल्या हेतूनं केलाय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा प्रश्न त्यातल्या दोनच शब्दांबद्दल आहे: 'मूळ स्वरूप'.

आमच्या कोल्हापुरातल्या घरामागच्या गॅरेजमध्ये गेली तीन वर्षं १९६६ सालची एक स्टँडर्ड हेरल्ड उभी आहे. उघडी, कॅनव्हासच्या हुडाची. निम्म्या बॉडीला गंज. ती मी आणि दोन-तीन कारागीर मिळून दुरुस्त करतोय. आता मंडळी, साधा हिशोब बघा. गंजलेला पत्रा कापून नवा लावला नाही, तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आणि लावला, तर कुणीतरी म्हणू शकतं, "बॉडीत फेरफार झाला, मूळ स्वरूप कुठं राहिलं?" मग ५० वर्षांपूर्वीची गाडी मूळ स्वरूपात ठेवायची म्हणजे नक्की करायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर मला नियमांच्या पुस्तकापेक्षा या गाडीच्या इतिहासात जास्त सापडलं. म्हणून आज तो इतिहास सांगतो. जरा लांबण लागेल, पण वाचा.

कॉव्हेंट्रीतली अडचण

हेरल्ड मूळची इंग्लंडची. कॉव्हेंट्री शहरात १९०३ साली स्थापन झालेल्या स्टँडर्ड कंपनीची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस या कंपनीनं ट्रायम्फ विकत घेतली आणि पुढं तिकडं ही गाडी 'ट्रायम्फ हेरल्ड' नावानं विकली गेली. आपल्याकडे मात्र 'स्टँडर्ड' हेच नाव राहिलं.

१९५० च्या दशकात युरोपातले मोटार कारखाने स्वतंत्र चासी सोडून एकसंध बॉडीकडे वळत होते. एकसंध म्हणजे खाली वेगळा सांगाडा नाही. जमीन, बाजू, छत सगळं एकमेकांना वेल्ड करून केलेली पेटी, आणि तीच पेटी सगळं वजन पेलते. गाडी हलकी होते, कारखान्यात भराभर तयार होते. पण त्यासाठी अवाढव्य प्रेस लागतात. स्टँडर्डला बॉडी पुरवणारी मोठी कंपनी होती फिशर अँड लडलो. १९५३ मध्ये ती ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्यानं, विकत घेतली. आता नव्या गाडीची बॉडी कोण करून देणार?

हॅरी वेब्स्टर हे तिथले मुख्य इंजिनिअर. त्यांनी मागं जाऊन स्वतंत्र चासीच ठेवली. आणि बॉडी एका ठिकाणी न करता तिचे तुकडे केले: पुढचा भाग वेगळा, मागचा टब वेगळा, छत वेगळं, बॉनेट वेगळं. तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी दाबून आणायचे आणि चासीवर बोल्टनं जोडायचे. रेखाटन इटलीतल्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचं. १९५९ च्या एप्रिलमध्ये गाडी बाजारात आली. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढं कलंडायचं आणि इंजिनाशेजारी उभं राहून काम करता यायचं. २५ फुटांच्या वर्तुळात गाडी वळायची; तेव्हाच्या इतर गाड्यांच्या मानानं हे फारच कमी.

छत बोल्टवर असल्यामुळं आणखी एक गोष्ट सोपी झाली. १९६० मध्ये तीच गाडी कन्व्हर्टिबल म्हणून आली. एकसंध बॉडीच्या गाडीचं छत कापलं तर ती मधून वाकते, दारं अडकायला लागतात, म्हणून खाली भरपूर लोखंड वाढवावं लागतं. हेरल्डमध्ये वजन चासीवर होतं. छत गेलं तरी कणा शाबूत. थोडी मजबुती दिली की काम भागलं. पुढं याच चासीची लांबी कमी करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची उघडी गाडीही काढली.

म्हणजे बघा, पुरवठादार गेला म्हणून जी पद्धत नाइलाजानं स्वीकारली, तिच्यामुळंच ही गाडी साठ वर्षांनंतर घरच्या गॅरेजमध्ये उघडता येते. 'टिकाऊ आणि दुरुस्त करण्याजोगी' असं धोरण ठरवून वगैरे काही झालेलं नाही.

मद्रासची हेरल्ड

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्याच्या आधी भारतात मोटारी बहुतेक बाहेरून यायच्या, किंवा सुटे भाग आणून इथं जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता. फोर्डचंही मुंबईत काम चालायचं. १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढं फियाट आल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं की नुसती जोडणी चालणार नाही; टप्प्याटप्प्यानं सगळे भाग इथंच बनवायची तयारी असेल त्यालाच परवानगी. जनरल मोटर्स आणि फोर्डनं काढता पाय घेतला. मोटारीचं मैदान तीन कंपन्यांपुरतं उरलं: कलकत्त्याची हिंदुस्तान, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स.

स्टँडर्ड तिघांत सगळ्यात लहान. १९६१ पासून त्यांनी मद्रासला हेरल्ड बनवायला घेतली. इंजिन ९४८ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतच. इंग्लंडमध्ये इंजिन मोठं होत गेलं, आपल्याकडे ९४८ च राहिलं. दोनच दारं असल्यामुळं आपल्या माणसांनी भरलेल्या कुटुंबाला मागं चढणं म्हणजे कसरत. दशकाच्या अखेरीस मद्रासवाल्यांनी स्वतःच चार दारांची हेरल्ड काढली. इंग्लंडला असली हेरल्ड कधी झालीच नाही!

आपल्या रस्त्यांनी या गाडीचा एक दोष लगेच उघडा पाडला. मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हलायची, मध्ये एकच आडवा पाटा. गाडीत माणसं आणि टपावर सामान लादलं की मागची चाकं तिरकी व्हायची, जॉइंट क्रॉस आणि शाफ्टवर ताण यायचा. १९७१ मध्ये हेरल्ड बंद झाली. त्यानंतर तिच्याच बेतानं काढलेल्या गॅझेलला सरळ, कडक मागचा अ‍ॅक्सल दिला गेला. ती १९७७ पर्यंत चालली.

हा तपशील मुद्दाम सांगतोय. 'मूळ स्वरूप' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढं एक पक्की, न बदललेली वस्तू असते. पण कारखान्यातच ही गाडी सतत बदलत होती. इंग्लंडचं मूळ वेगळं, मद्रासचं मूळ वेगळं, दोन दारांचं वेगळं, चार दारांचं वेगळं.

आमच्या गाडीचं छत

आमची गाडी १९६६ मध्ये मद्रासहून दोन दारांची, बंद छताची आली. आरसी बुकात तसंच लिहिलंय. पहिले मालक इथलेच एक वकील. दहा-एक वर्षांनी ती त्यांच्या पुतण्याकडे गेली. तरुण गडी, उघड्या गाडीची हौस. त्यानं छताचे बोल्ट काढले, छत माळ्यावर टाकलं, कुशनवाल्याकडून लोखंडी कमानी आणि कॅनव्हासचा हुड करून घेतला. आणि विशेष म्हणजे आरटीओत जाऊन आरसी बुकात तशी नोंदही करून घेतली. शाईतली ती ओळ आणि गोल शिक्का अजून वाचता येतो.

म्हणजे कागदोपत्री ही गाडी दहा वर्षं बंद आणि त्यानंतर आजपर्यंत उघडी. तिचं मूळ स्वरूप कोणतं? कारखान्यातून निघालेलं, की सरकारनंच शिक्का मारून मान्य केलेलं, जे तिच्या आयुष्याचा बहुतेक काळ राहिलं? गंमत म्हणजे मूळ छत अजून आहे. चार माणसं आणि एक दुपार मिळाली तर परत बसवता येईल. दुसऱ्या कुठल्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न इतका सरळ विचारताही आला नसता.

१९९० च्या दशकात गाडी बंद पडली आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी त्या शेडमध्ये शिरलं. दाराच्या निम्म्यापर्यंत पाणी, ते ओसरल्यावर आत गाळ. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. वर सांगितलेल्या विंटेजच्या नियमाला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. त्या पुरानंतर घरच्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं वजनावर भाव सांगितला. त्यापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन मी गाडी आणली.

गंज कुठं असतो

गंज वरून दिसतो त्याहून आत जास्त असतो. रंगाला फोड दिसला की समजायचं, मागून पत्रा खाऊन झालाय. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आलं की गंज धरतो, आणि गाळ साचलेल्या बंद पोकळीत पाणी महिनोन्महिने राहतं. आमच्या गाडीत दारांचे खालचे काठ, डिकीची जमीन, स्टेपनीचा खड्डा, पायाखालच्या पत्र्याच्या कडा आणि चासीतून दोन्ही बाजूंना निघणारे हात, एवढं सगळं गेलेलं. यातल्या काही ठिकाणी आधीच्या कुणीतरी लांबी भरून वर रंग मारला होता. स्क्रू ड्रायव्हर टोचला की आरपार.

पण चासीचे मधले दोन मुख्य बीम चांगले निघाले. कणा वाचला म्हणजे गाडी वाचली.

कामाचा क्रम असा ठेवला. आधी प्रत्येक भागाचे फोटो, मग बोल्ट काढून डबे भरायचे आणि डब्यावर चिठ्ठी. अडकलेल्या बोल्टांवर आठवडाभर डिझेल सोडत राहायचं. पत्रा कापायच्या आधी दाराच्या दोन्ही चौकटींत लोखंडी अँगल आडवे वेल्ड करून घेतले. नाहीतर खालचा पत्रा कापल्यावर उघड्या गाडीची चौकट हलते आणि पुढं जन्मात दार नीट बसत नाही. एका वेळी एकच तुकडा कापायचा, नवा बसवायचा, दार लावून फट मोजायची, मगच पुढचा तुकडा.

हे काम करणारे आमचे डेंटर चाचा साठीच्या पुढचे. पत्र्यावर बोटांची मागची बाजू फिरवून सांगतात, "सर, इथं अजून दीड सूत खाली आहे." आणि असतं! ठोकून गोलाई काढणं त्यांना येतं, त्यांच्या मुलाला येत नाही. मुलगा मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथं खराब पॅनेल काढतात, नवं लावतात. चाचा म्हणाले, "त्याला शिकवलं असतं, पण असली गाडी येते कुठं आता? वर्षातून एक."

हुडाच्या कमानींच्या खिट्ट्या तुटल्या होत्या. लाकडाचा पॅटर्न करून उद्यमनगरातल्या एका छोट्या फौंड्रीत पितळेच्या ओतून घेतल्या. मागच्या शाफ्टचे बुश एका लेथवाल्यानं जुन्या नमुन्यावरून करून दिले. चासीचे बाजूचे हात जाड पत्र्यातून वाकवून सीओटू वेल्डिंगनं जोडले. इंजिनाचे गॅस्केट तेवढे इंग्लंडहून मागवावे लागले.

कोल्हापूरकरांना यात नवल वाटणार नाही. या गावाचा उद्योगच मुळी 'उघडून बघू आणि करू' या सवयीतून वाढलाय. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवला. पुढं उसाचे चरक, पाण्याचे पंप, ऑइल इंजिनं यांची दुरुस्ती करता करता सुटे भाग बनायला लागले, त्यातून लेथची दुकानं, फौंड्र्या उभ्या राहिल्या. आज देशभरातल्या गाड्यांना इथली कास्टिंग्ज जातात. नवीन भाग बनवणारा हात आधी दुरुस्तीत तयार झाला, हा या गावाचा इतिहास आहे.

१५, २० आणि ५०

आता पुन्हा नियमांकडे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे मुळात कायदा गाडीची स्थिती बघतो. हे योग्यच आहे. पण गेल्या काही वर्षांत वयाचं वजन वाढत चाललंय. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीसाठी ती १०,००० केली. १३ ऑगस्ट २०२१ रोजी देशाचं वाहन भंगार धोरण जाहीर झालं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपवायचं ठरलं. दिल्ली परिसरात तर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, आणि तो वाद अजून न्यायालयात फिरतोय.

यामागचं कारण खोटं नाही. जुनी कार्बोरेटरची गाडी दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा जास्त घाण सोडते. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. रोज पन्नास किलोमीटर पळणारी, धूर ओकणारी जुनी गाडी रस्त्यावरून जायला हवी, याबद्दल माझं दुमत नाही. पण महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी पन्हाळ्याला जाऊन येणारी, इंजिन नीट बांधलेली गाडी आणि ती धूर ओकणारी गाडी यांना फक्त जन्मतारखेवरून एकाच रांगेत उभं करणं बरोबर नाही.

आणखी एक गोम. ५० वर्षांची झाली की गाडी वारसा. २० वर्षांची असली की फी चढी, आणि तपासणीत नापास झाली की भंगार. मग मधली तीस वर्षं तिनं काढायची कशी? प्रीमियर पद्मिनीचंच घ्या. लाखो मराठी घरांची पहिली गाडी, मुंबईची टॅक्सी, कुर्ल्यात बनलेली. १९८५ सालची पद्मिनी विंटेज व्हायला २०३५ उजाडेल. तोपर्यंत किती उरतील? आज विंटेज म्हणून ज्या गाड्यांची मिरवणूक निघते, त्या मधल्या काळात कुणीतरी गोठ्यात, शेडमध्ये, माळ्यावर जागा दिली म्हणूनच वाचल्या. सरकारनं वाचवलेल्या नाहीत.

इंधनाचंही तसंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमच्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, शेतकऱ्याच्या घरातलाच मी, त्यामुळं विरोध कसा करू? पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या लोखंडी टाकीत त्यानं आतून गंज धरतो, जुन्या पंपाचा रबरी पडदा आणि नळ्या खराब होतात. आम्ही नळ्या बदलल्या, पडदा बदलला, टाकी आतून साफ करून अस्तर दिलं. याला मूळ स्वरूपातला फेरफार म्हणायचं का? मग गाडी चालवायची कशावर?

हेरल्डच्या गावी काय करतात

हाच प्रश्न हेरल्डच्या मायदेशातही आला. तिथं जुन्या ट्रायम्फ घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करणाऱ्यांचे मोठे क्लब आहेत. पत्र्याचे नवे भाग बनवून विकणारे छोटे कारखाने आहेत. २० मे २०१८ पासून ब्रिटननं ४० वर्षांवरच्या बहुतेक खासगी मोटारींना वार्षिक तपासणीच्या सक्तीतून सूट दिली, पण एक अट घातली: गेल्या ३० वर्षांत गाडीत 'मोठा बदल' झालेला नसावा. आपल्यासारखीच अट.

फरक पुढं आहे. मोठा बदल म्हणजे काय, हे त्यांनी लिहून ठेवलं. चासी बदलली तर मोठा बदल, पण मूळ नमुन्याचीच चासी घातली असेल तर नाही. मूळ भाग आता मिळतच नाहीत म्हणून गाडी जपण्यासाठी जो बदल करावा लागला, तो मोठा बदल नाही. म्हणजे कामामागचा उद्देश काय, हे त्यांनी विचारात घेतलं: गाडी जपायची होती, की नवीनच काहीतरी करायचं होतं?

सायकलीसारखं समजा. टायर बदललं, चेन बदलली, सीटचं कव्हर बदललं, तरी ती वडिलांचीच सायकल. तिला मोटर बसवून मालवाहू केलीत, तर वेगळी. रोजच्या व्यवहारात आपल्याला हे कळतं. नियमात मात्र ते लिहिलेलं लागतं, कारण तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही कशावर तरी बोट ठेवून सही करायची असते. ते लिहिलेलं नसेल तर तो 'नको' म्हणणार, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे.

एक, विंटेजच्या व्याख्येला जोडून स्पष्टीकरण यावं: गंजलेल्या भागाच्या जागी त्याच आकाराचा, त्याच पद्धतीचा भाग लावणं ही दुरुस्ती आहे, फेरफार नाही. कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो जोडायला सांगा, हरकत नाही.

दोन, ज्या बदलाची नोंद आरसी बुकात त्या काळीच अधिकृतपणे झालेली आहे, तो गाडीच्या इतिहासाचा भाग मानावा.

तीन, १५ ते ५० या मधल्या वयात कमी चालणाऱ्या, जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा, मर्यादित वापराचा वर्ग असावा. वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला, धुराची तपासणी कडक ठेवा. पण रस्ता पूर्ण बंद करू नका.

कुणी म्हणेल, रस्त्यांवर खड्डे, पुराचं पाणी घरात, आणि हा गडी जुन्या मोटारीच्या छताचं घेऊन बसलाय. मान्य. हेरल्ड वाचली काय आणि गेली काय, कुणाचं पोट त्यावर अवलंबून नाही. पण चाचांचं आहे. लेथवाल्याचं, कुशनवाल्याचं, पॅटर्न करणाऱ्या सुताराचं थोडंफार आहे. दुरुस्ती ज्या देशात संशयास्पद ठरते, तिथं दुरुस्त करणारा हातही हळूहळू नाहीसा होतो. उद्या ट्रॅक्टर, पंप, इलेक्ट्रिक स्कूटर यांच्या बाबतीतही हाच प्रश्न येणार आहे: मालकानं वस्तू उघडायची की नाही, आणि उघडून नीट केली तर ती 'तीच' राहते की नाही.

आमच्या गाडीचं काम अजून बाकी आहे. जमीन झाली, चासी झाली, दारं बसली. रंग आणि हुड राहिलाय. माळ्यावरचं छतही गंज काढून, रेड ऑक्साइड मारून ठेवलंय, कारण तपासणीच्या दिवशी काय विचारलं जाईल ते आज सांगता येत नाही. मी गाडी उघडीच नेणार आहे, आरसी बुकातल्या त्या शिक्क्यासकट.

तुमच्याकडे, तुमच्या पाहुण्यांकडे, गावातल्या कुणाच्या शेडमध्ये अशी गाडी असेल तर एवढं करा. भंगारवाल्याला फोन करायच्या आधी आरसी बुक शोधा, त्यातली प्रत्येक जुनी नोंद वाचा, गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि खालच्या चासीत स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. कणा शाबूत असेल तर बाकीचं आपल्या गावात होतं. आणि आपल्या आमदार-खासदारांना कुठं भेटलात, तर वरच्या तीन गोष्टींतली एक तरी त्यांच्या कानावर घाला.